अकरा सुतांचा फर्मा

कडेगाव,
६ ऑक्टोबर २०२४

मामा,

लांबूनच पाया पडते. जवळ असते तर "राहू दे, राहू दे" म्हणून तुम्ही पाय मागं घेतले असते, त्यापेक्षा हे बरं.

काल फोनवर मी पाच मिनिटं बेंबीच्या देठापासून ओरडले आणि तुम्ही प्रत्येक वाक्याला "व्हय, उघाडलाय पाऊस" एवढंच उत्तर दिलंत. कोयना प्रकल्पाच्या सुतारशाळेत तीस वर्षं रंध्याच्या मशीनपुढं उभे राहिलात आणि निवृत्त होताना कान तिथंच ठेवून आलात. आई म्हणाली, "तुजा मामा ऐकत न्हाई, पर वाचतोय. लिव्ह की त्याला." म्हणून हे पत्र. शिवाय पार्सल पाठवायचंच होतं, त्याच खोक्यात हे घालते.

राहीमामीकडून कळलं, की वरच्या वाडीतल्या सुलाबाईंच्या बचत गटानं तुम्हाला चाळीस मधपेट्या सांगितल्यात. फेब्रुवारी संपायच्या आत, फुलोरा सुरू होण्याआधी हव्यात. एका पेटीत आठ चौकटी, एका चौकटीला दोन उभ्या पट्ट्या. मी इथं बसून हिशोब केला, नुसत्या उभ्या पट्ट्याच सहाशे चाळीस होतात. आणि तुम्ही म्हणे प्रत्येक पट्टी पेन्सिलीनं आखून, पटाशीनं हातानं करणार आहात. मामा, एकवीस वर्षांचे असता तरी मी हेच म्हटलं असतं: वेड लागलंय का?

सोबत एक फर्मा पाठवते आहे. जाड प्लायची पाटी आणि तिला मधोमध एक खिडकी. पेटीच्या बाजूला बोटं घालून उचलायला जी खोबण लागते ना, तिच्यासाठी. पाटी पेटीवर दोन शिकंज्यांनी आवळायची, तुमचा खोबणी कोरायचा राऊटर खिडकीत ठेवायचा आणि कडेकडेनं फिरवायचा. मशीनच्या खालची कडी खिडकीच्या कडेला टेकून चालते, त्यामुळं खोबण चाळीसही पेट्यांना एकसारखी होते. आखायचं नाही, मोजायचं नाही. माझ्या शेडमध्ये स्वयंपाकघराच्या कपाटांची सगळी कामं असल्याच फर्म्यांवर चालतात.

तुम्ही शिकवलंत ते विसरले नाहीये. फक्त तुमचे गुडघे आणि कंबर मला आठवतात, म्हणून.

क्रांती


कोयनानगर,
१८ ऑक्टोबर

क्रांते,

पार्सल पोचलं. सुतळीला एवढ्या गाठी कशाला मारतेस? सोडता सोडता माझा अर्धा तास गेला.

फर्मा परत पाठवतो आहे. दिसायला छान आहे, तुझी कापाकापी आता स्वच्छ झाली आहे हे कबूल. पण खिडकी सैल आहे. मशीन आत नाचतं. दोन फळकुटांवर करून बघितलं, खोबणीची कड वेडीवाकडी आली. ती फळकुटं चुलीत घातली.

मला विचारशील तर फर्मा हे आडाण्याचं साधन आहे. रागावू नकोस. लाकूड बघायचं, रेषा ओढायची, हात चालवायचा, ह्यात सुतार घडतो. सुतारशाळेत आमचे मिस्त्री होते, ते डोळ्यांनी सुतापर्यंतचं माप सांगायचे. पट्टी लावली की बरोबर तेवढंच निघायचं. मीही पुढं तसाच सांगायचो, तुझ्या आईला विचार. तू लहान असताना उन्हाळ्यात येऊन माझ्या ठोकळ्यांवर रेघा मारायचीस, त्याही तुझ्याकडून हातानंच मारून घेतल्या मी.

ह्या पत्रात अक्षर वाकडं आलंय तिकडं लक्ष देऊ नकोस. लिहिताना जमिनीनं हलवलं. आमच्याकडं ते चालूच असतं, तुम्हा कडेगावकरांना त्याचं कौतुक.

शिवणीच्या लाकडाच्या फळ्या चांगल्या वाळल्यात. काम जोरात आहे.

मामा


कडेगाव,
२६ ऑक्टोबर

मामा,

फर्मा उघडला आणि खरं सांगते, आधी डोळ्यांत पाणी आलं. परत पाठवला म्हणून नव्हे, "आडाण्याचं साधन" म्हणालात म्हणून. ह्याच आडाणी साधनांवर मी शेड उभी केली. बाईला कपाटाचं काम द्यायला जी माणसं कचरत होती, ती आता माझ्या कपाटांची दारं एका रेषेत बघून पुढचं काम सांगतात. असो. रडून झालं, मग कामाला लागले.

खिडकी मोजली. सैल नाही मामा. कडी आत घातली तर मधून कागदसुद्धा जात नाही. पण खिडकीच्या डाव्या कडेला बारीक बारीक दात पडलेत, इंचा-इंचावर, उंदरानं कुरतडल्यासारखे. म्हणजे मशीन चालताना कलत होतं आणि बिटचं पातं फर्म्यालाच खात होतं. एकदा नाही, सारखं.

मी बराच वेळ विचार केला आणि मला कारण सापडलं. तुमच्या राऊटरचं बेअरिंग गेलंय. बारा वर्षं झाली त्याला. बेअरिंग झिजलं की मशीन हातात थरथरतं, मग फर्मा बिचारा काय करणार? नवीन बेअरिंग आणि नवीन फर्मा पाठवते आहे. बेअरिंग कराडला कोणाकडूनही बसवून घ्या. स्वतः बसवत बसू नका.

आणि भूकंपाचं. माझ्या शेडमधला यशराज म्हणाला, बातमीत तर काहीच नव्हतं. मी त्याला म्हटलं, आमच्या मामांकडचे बारके धक्के बातमीत येत नसतात. बरोबर ना?

क्रांती


कोयनानगर,
९ नोव्हेंबर

क्रांते,

तू म्हणतेस तेच निघालं. बेअरिंगच होतं. कसं ओळखलंस कुणास ठाऊक, तू लांबून मशीनची नाडी बघतेस म्हणायची. आता मशीन लोण्यासारखं चालतं. खोबणी झाल्या. फर्मा ठीक आहे. मागच्या पत्रातला तो शब्द मागं घेतो, तुझ्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून लिहिला नव्हता.

पेट्यांची खोकी निम्मी तयार आहेत. आता चौकटींच्या पट्ट्या राहिल्यात. त्याच नाजूक. त्यांची रुंदी म्हणजे दोन पोळ्यांमधलं अंतर, त्यात कमी-जास्त चालत नाही. तुझ्याकडं एखादा तयार नकाशा असेल तर पाठव. आणि तुझ्या त्या फर्म्यांमध्ये असा काही प्रकार असतो का, की मशीन हातात धरायलाच नको? सहज विचारतो. मशीन जड आहे, एवढंच.

मामा


कोयनानगर,
१५ नोव्हेंबर

क्रांते,

मी राहीमामी लिव्हतीया. चौथीपतूर शिकलीया, तवा चुका सांभाळून घे. ह्ये पत्र तुज्या मामास्नी म्हाईत न्हाई, तू बी सांगू नगंस.

त्या मशीनचं बेरिंग का फेरिंग काय गेल्यालं न्हाई. तू धाडल्यालं पुडकं हाय तसं फडताळात पडलंय. त्यांचा हात थरथरतोय गं. उजवा. दिवाळीच्या आदी लय न्हवतं, आता कपातला चा बशीत येतोय. मी कराडला डाक्टरकडं न्हेलं. ते म्हनले कंपवात हाय, गोळ्या घ्या, काळजी करन्यासारकं न्हाई. गोळ्या घेत्यात, पर कुनाला सांगू देत न्हाईत. तुज्या आईला बी न्हाई.

खोबनी फर्म्यानं क्येल्या म्हनून लिव्हलं आसंल. खोटं हाय. पटाशीनं एकएक खोबन सकाळधरनं करत बसत्यात, हातोडी हुकती, बोटं फुटल्यात. मी म्हनलं, सुलाबाईला सांगूया की हुत न्हाई म्हून. तर मला म्हनले, "राही, ह्ये काम ग्येलं तर मी नुस्ता भिंतीला टेकून बसल्याला मानूस हाय." तवापास्नं मी गप हाय.

तू तुज्या डोक्यानं काय तरी कर. पर आसं कर, की त्यांस्नी वाटू नये कुनी दया क्येली.

मामी


कडेगाव,
१ डिसेंबर

मामा,

ह्या वेळी पार्सल मोठं आहे, एस.टी.वाल्यानं नाक मुरडलं. टेबल आहे. मशीन त्याच्या खाली उलटं टांगायचं, बिट वरच्या भोकातून डोकं काढतं. मशीन जागचं हलत नाही, आपण लाकूड सरकवायचं. मी माझ्यासाठी केलं होतं, पण आता मोठं घेतलं, म्हणून हे शेडमध्ये नुसतं वाटेत येत होतं. तुम्ही विचारलंत ना, मशीन हातात धरायला नको असा प्रकार असतो का? तर असतो, हाच तो.

लाकूड बोटांनी धरायचं नाही. सोबत सरकती पाटी आहे, तिच्यावर पट्टी आवळून बसते. पाटीला दोन बाजूंना दोन रुंद मुठी आहेत. तळवे त्यांच्यावर टेकायचे आणि अंगानं ढकलायचं. जोर खांद्यातून येतो, बोटांना काही काम नाही. एवढ्या पट्ट्या करायच्या म्हणजे बोटं दुखतात, मलाही दुखायची.

पट्टीच्या रुंदीसाठी एक ठोकळा पाटीवर पक्का चिकटवलाय. पट्टी त्याला टेकवायची की झालं. पस्तीस मिलीमीटर, म्हणजे तुमचे अकरा सूत. माप मी इंटरनेटवरच्या नकाशातून घेतलंय, अगदी काटेकोर आहे. खोक्याची आतली लांबीही त्याच नकाशाप्रमाणं कागदावर काढून देते. तुमची निम्मी खोकी झालीत म्हणालात, त्यांच्या बाजूच्या फळ्या अजून ठोकल्या नसतील तर तेवढंच वाढवून घ्या. ठोकळा हलणार नाही, चुकायचा प्रश्नच नाही.

क्रांती


कोयनानगर,
२२ डिसेंबर

क्रांते,

तुझं टेबल तू तुझ्यासाठी केलेलं नाहीस. तू माझ्यापेक्षा वीतभर बुटकी आहेस आणि टेबल बरोबर माझ्या कमरेला लागतं. मुठींमधलं अंतर माझ्या खांद्यांचं आहे. एवढं आठवणीनं मोजून काढणारी पोर "वाटेत येत होतं" म्हणून लिहिते, आणि मी ते खरं मानावं? तुझ्या मामीला विचारलं. तिनं आधी भांडी आपटली, मग सांगितलं.

तर आता लिहितोच. हात थरथरतो. भूकंप झाला नव्हता. बेअरिंग चांगलं होतं. तुझ्या पहिल्या फर्म्याचे दात माझ्या हातानं पाडले, आणि मी तुझ्या कामाला नावं ठेवली. ते पत्र टाकून आल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तुझी क्षमा मागतो. मोठ्यानं धाकट्याची क्षमा मागू नये म्हणतात, पण कोण म्हणतं कोण जाणे.

मी भ्यालो होतो. दुखण्याला नाही. माझ्या हाताकडं बघून लोक माझा शब्दही मानणार नाहीत, ह्याला भ्यालो.

आता चांगलं सांगतो. सहाशे चाळीस पट्ट्या झाल्या. तळवे मुठींवर टेकवून अंग पुढं टाकलं की हात थरथरायचा विसरतो. पहिली पट्टी निघाली तेव्हा मी ती दाराशी नेऊन उन्हात बघितली. कड आरशासारखी. राही म्हणाली, "बघा की, तुमीच क्येली." मी तिच्याकडं पाठ केली, कारण डोळे भरले होते. खोकीही तुझ्या कागदाप्रमाणं वाढवून घेतली.

एक आहे, पूर्वी प्रकल्पातल्या एका साहेबांसाठी मी मधपेट्या केल्या होत्या, तेव्हा दहा सूत धरत होतो असं वाटतं. तुझा फर्मा अकरा सांगतो. तुझंच बरोबर असणार, तू नकाशा बघितला आहेस आणि माझं आता असंच. दोन पेट्या सुलाबाईंनी आधी नेल्या आहेत, माश्या बसवून बघतो म्हणाल्या.

मामा


कडेगाव,
२९ डिसेंबर

मामा,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. आईनं ऐकलं, उठली आणि तुमच्यासाठी लाडू वळायला बसली. ते सोबत आहेत. रडली की नाही ते सांगू नको म्हणाली, म्हणून सांगत नाही.

क्षमा कसली मागता? मी तरी कुठं सरळ वागले? टेबल वाटेत येतं म्हणून खोटं लिहिलं. आपल्या घरात एकमेकांवर माया करायची तर थापा मारूनच करायची अशी पद्धत दिसते. पण आता तुम्ही सांगितलंत, मला हलकं वाटलं. गोळ्या वेळेवर घ्या. डॉक्टरांनी हातांचे व्यायाम सांगितले असतील ते करा. मामीवर डाफरू नका, तिनं लिहिलं नसतं तर मी अजून बेअरिंगच पाठवत बसले असते.

त्या एका वाक्यानं मला झोप लागली नाही. लोक माझा शब्द मानणार नाहीत, हे. मामा, असं काही होणार नाही. तुमच्या कामाकडं बघून कोणाची छाती होईल?

पेट्या कशा चालतात ते कळवा. मी निवांत आहे आता.

क्रांती


कोयनानगर,
२५ जानेवारी २०२५

क्रांते,

पेट्या फसल्या.

काल सुलाबाई दोन्ही पेट्या परत घेऊन आल्या होत्या. दोन्ही पेट्यांत माश्या बसल्या, पण चौकटींवर सरळ पोळं बांधायचं सोडून त्यांनी चौकटींच्या मधे आडवी-तिडवी पोळी बांधली. एक चौकट उचलायला गेलं की शेजारच्या दोन बरोबर येतात. बाईंनी जोर केला तेव्हा पोळं फाटलं, मध सांडला, पिलं मेली. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त म्हणाल्या, "मामा, अंतर कुटं तरी चुकलंया." आणि माझ्या हाताकडं बघितलं.

त्या गेल्यावर मी सगळ्या पट्ट्या मोजल्या. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. एकूण एक पट्टी अकरा सूत. केसाचा फरक नाही. म्हणजे पट्ट्यांत चूक नाही. मग ठोकताना माझा हात हलला असेल, चौकट तिरकी बसली असेल, मला कळलं नसेल. आता माझं मलाच कळत नाही, हेच खरं.

बाईंना निरोप धाडला आहे, दुसरा सुतार बघा. तुझं टेबल पुसून, पोत्यात बांधून ठेवलंय. पुढच्या आठवड्यात एस.टी.नं लावून देतो. तुझा त्यात काही दोष नाही, फर्मा उत्तम होता.

मामा


कडेगाव,
२८ जानेवारी

मामा,

टेबल पाठवू नका. आधी हे पत्र पूर्ण वाचा, मग काय रागवायचं ते रागवा.

तुम्ही चुकला नाहीत. मी चुकले.

तुमचं पत्र आलं आणि मी जुनी सगळी पत्रं काढून बसले. डिसेंबरच्या पत्रात तुम्ही सरळ लिहिलंय: पूर्वी दहा सूत धरत होतो. मी ते वाक्य वाचलं होतं मामा. पण त्या पत्रात मला फक्त तुमचा हात दिसत होता. हाताबद्दलच्या प्रत्येक ओळीला मी उत्तर दिलं, आणि कामाबद्दलची एकच ओळ होती ती सोडून दिली. तुम्ही सुतार म्हणून विचारलंत आणि मी तुम्हाला आजारी माणूस म्हणून उत्तर पाठवलं. ह्याची मला जन्मभर लाज वाटेल.

तो नकाशा पुन्हा उघडला. तो परदेशी माशीचा आहे. ती मोठी असते, तिला पस्तीस मिलीमीटर लागतात. मी मधमाशी म्हणजे मधमाशी असं धरून चालले. मग इथल्या एका मधपाळांना विचारलं. त्यांनी मला पहिला प्रश्न केला, "माशी कंची? सातेरी का?" मी म्हटलं, सह्याद्रीतली, म्हणजे सातेरीच. ते हसले. म्हणाले, "मग अकरा सूत कुनी सांगितलं? ती बारकी आसती. मधी जागा गावली की ती तितं आनी एक पोळं बांधतीया. दहा सूत ठेवा." दहा, मामा. तुमचेच दहा.

तुमच्या हातानं एखादी पट्टी चुकली असती तर एक पट्टी चुकली असती. माझ्या फर्म्यानं सहाशे चाळीस चुकवल्या, एकही न सोडता. आणि वर मी लिहिलं, चुकायचा प्रश्नच नाही.

सुटका एकच, की पट्ट्या रुंद झाल्यात, अरुंद नाहीत. कमी करता येतील. कशा, ते मी सांगत नाही. मी येते, हवं तर उद्या निघते. पण ह्या वेळी माप तुम्ही सांगा आणि मी ऐकते.

क्रांती


कोयनानगर,
२३ फेब्रुवारी

क्रांते,

तू येऊ नकोस असा निरोप मामीच्या फोनवरून दिला, त्याचा राग मानू नकोस. तू आली असतीस तर मी तुझ्या तोंडाकडं बघून काम केलं असतं. मला ते एकदा एकट्यानं करून बघायचं होतं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्या चुकीचं मला दुःख झालं नाही, उलट तुला सांगायला हरकत नाही, मी हसलो. राहीला वाटलं, ह्यांस्नी काय तरी झालं. मग मला माझाच राग आला. दहा सूत मला माहीत होतं. वाटत नव्हतं, माहीत होतं. हात थरथरतो म्हणून मी डोक्यावरचाही विश्वास काढून घेतला होता, आणि ते काम कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. तू त्या ओळीला उत्तर दिलं नाहीस खरं, पण मी ती ओळ लिहिली कशी? चोरासारखी. "तुझंच बरोबर असणार" म्हणून. ठणकावून लिहिली असती तर तू वाचली असतीस.

आता काम सांगतो. पोतं सोडलं, टेबल परत मांडलं, ठोकलेल्या चौकटींच्या पट्ट्या सोडवून घेतल्या. तुझा पक्का चिकटवलेला ठोकळा मी पटाशीनं उडवला. चार घाव हुकले, पाचव्याला निघाला. नंतर दुसरा ठोकळा स्वतः केला. आधी डोळ्यानं धरला, मग पट्टी लावून बघितली, अर्ध्या केसाचा फरक होता, तो पॉलिश पेपरनं काढला. पण एकेक पट्टी दोन्ही कडांनी अर्धा अर्धा सूत घ्यायची म्हणजे बाराशे ऐंशी खेपा. तुझ्या पाटीत एकच पट्टी मावते. म्हणून मी एक पेटी केली, तिच्यात आठ पट्ट्या एकदम उभ्या राहतात आणि पाचरीनं आवळल्या जातात. आयुष्यातला पहिला फर्मा, सत्तरीला टेकल्यावर. दिसायला ओबडधोबड आहे, तुझ्यासारखा सफाईदार नाही. पण चालला. राही पाचर ठोकायची, मी ढकलायचो. एकशे साठ खेपांत सगळ्या पट्ट्या दहा सुतांवर आल्या.

खोक्यांत आता इंचभर जागा उरते. तिथं प्रत्येक पेटीत एका कडेला एक फळी उभी केली. माशीला वाटावं भिंतच आहे. चाळीस फळ्या. ही युक्ती कुठल्या नकाशातली नाही.

मग सुलाबाईंकडं स्वतः गेलो. त्यांना म्हटलं, दुसरा सुतार बघितला असेल तर ठीक, नसेल तर दोन पेट्या अजून एकदा बसवून बघा. बघितला नव्हता. बाई म्हणाल्या, "बघत हुते, पर मन हुत न्हवतं." दोन पेट्या बसवल्या. काल अठरा दिवस झाले, त्यांनी बोलावलं. गटातल्या आणखी चार-पाच बायका होत्या. त्यांनी झाकण काढलं, धूर दिला आणि मधली चौकट दोन बोटांनी उचलली. ती एकटी वर आली. सरळ पोळं, दोन्ही बाजूंनी भरलेलं, माश्यांनी काळंभोर.

बाईंनी विचारलं, "मामा, आता खरं सांगा. ह्ये अंतर कुनी ठरवलं?"

मी म्हटलं, "मी."

त्यांनी ती चौकट माझ्यापुढं धरली. मी म्हटलं, "बाई, माजा हात हालतोय. माश्या उठत्याल."

"उठू द्यात की," त्या म्हणाल्या. "धरा."

मी धरली. थोड्या माश्या उठल्या, परत बसल्या. खाली ठेवेपर्यंत मीच धरली होती.

मामा